‘सर्व्हर डाउन’च्या दिवशी दुकान कसं चालवायचं

चोपड्याकडच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्या भाऊंचा प्रश्न आहे. जुलै २०२४ मध्ये जगभर कॉम्प्युटर बसले, विमानं अडकली, तरी आपल्या भागात दुकानं चालू होती. मग त्याच महिन्याच्या शेवटी आपल्या सहकारी बँकेचं ऑनलाइन का थांबलं? आणि ऐन खतांच्या हंगामात असं झालं तर विक्री, मजुरी, औषधं, गाडीभाडं यांचं कसं करायचं?

आधी या दोन घटना वेगळ्या करून घ्या, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करतं. आपल्या घड्याळानं सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्याला एक छोटी फाइल पाठवली गेली. त्या सॉफ्टवेअरला २१ रकाने वाचायचे होते, हाताशी माहिती २० रकान्यांचीच होती. एकविसावा वाचायला गेलं आणि अख्खं विंडोज निळ्या पडद्यावर आपटलं. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीनं ती फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशिनं पडली होती. जगातल्या विंडोज मशिनांच्या तुलनेत ही संख्या एक टक्क्याहूनही कमी. पण हे सॉफ्टवेअर महागडं, ते घेतात विमान कंपन्या, मोठे दवाखाने, मोठ्या बँका. म्हणून आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि जळगावच्या मेडिकलवाल्याच्या कॉम्प्युटरला काहीच झालं नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाल्याचं दिसलं.

महिनाअखेरीचा प्रकार आपल्याला जास्त लागू आहे. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवते. तिच्यावर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. तो पसरू नये म्हणून ३१ जुलैला एनपीसीआयनं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं, त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि आयएमपीएस (खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवायची सोय) थांबलं आणि १ ऑगस्टला ते पूर्ववत झालं. अशा वेळी शाखेतला कॉम्प्युटर धडधाकट असतो, खात्यातली रक्कम जागेवर असते, फक्त बाहेरचा दरवाजा बंद असतो. शाखेतल्या बाईंवर आरडाओरडा करून तो उघडत नाही.

यातून खान्देशातल्या दुकानदारानं घ्यायची गोष्ट एकच: दोन बँकांच्या पाट्या वेगळ्या असल्या तरी मागची सेवा कंपनी एकच असू शकते. म्हणून दुसरं चालू खातं दुसऱ्या सहकारी बँकेत न उघडता राष्ट्रीयीकृत बँकेत उघडा. दोन्ही खात्यांचे क्यूआर गल्ल्याजवळ ठेवा, पण एका वेळी एकच बाहेर लावा, नाहीतर संध्याकाळी मेळ लागत नाही. बँक बसली की लोक दुसऱ्या बँकेच्या एटीएमकडे पळतात. उपयोग नाही भो. कुठल्याही एटीएममध्ये कार्ड घाला, रक्कम द्यायची का हे तुमच्याच बँकेला विचारलं जातं, आणि तीच बंद आहे.

पैसे येत नाहीत म्हटल्यावर नेमकं काय बसलंय ते पाच मिनिटांत शोधता येतं. साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणारी डबी, गप्प आहे पण बँकेचा मेसेज येतोय, तर फक्त डबीचं सिम किंवा त्या कंपनीची सेवा गेलीय. विक्री चालू ठेवा, खातं बघून माल द्या. एकाच गिऱ्हाइकाचं होत नाही आणि बाकीच्यांचं होतंय, तर त्याची बँक बंद. वेगवेगळ्या बँकांच्या तीन-चार गिऱ्हाइकांचं तुमच्या क्यूआरवर अडकतंय पण शेजारच्या हॉटेलवर जातंय, तर तुमची बँक बंद, क्यूआर बदला. शेजारीही अडकतंय, तर एक रुपया मोबाइल नेटवर आणि एक रुपया दुकानाच्या वायफायवर पाठवून बघा. दोन्हीकडे नाही झालं तर यूपीआयच बसलंय, आता रोख किंवा उधारी.

त्या वेळी गिऱ्हाइकाला ‘पुन्हा मारा, पुन्हा मारा’ म्हणू नका. एक तर दोनदा कापले जातात. दुसरं, अशा माऱ्यानं यंत्रणा आणखी बसते. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी यूपीआय तासन्‌तास रखडलं, त्याचं कारण एनपीसीआयनं असंच काहीसं दिलं होतं: काही बँका ‘त्या व्यवहाराचं काय झालं’ ही चौकशी जुन्या व्यवहारांसाठीही सारखी सारखी पाठवत होत्या. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर ‘प्रलंबित’ दिसत असेल तर तो पैसा आला असं धरायचं नाही आणि गेला असंही नाही. १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल एका वहीत लिहा. ओळखीचा असेल तर माल द्या, नसेल तर बाजूला ठेवा.

मुदती पाठ ठेवा, त्या रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकात आहेत. माणसानं माणसाला पाठवलेले यूपीआयचे पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानात दिलेले अडकले किंवा एटीएममधून नोटा न येता खात्यातून कापले गेले, तर पाच दिवस. त्यापुढे उशीर झाला की दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं आपणहून द्यायची असते. याच काळात ‘रिफंड करून देतो, स्क्रीन शेअर करा’ असे फोन सुटतात. पैसे परत यायला तुमचा पिन कोणालाच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

रोख किती ठेवायची? यात लोक पाचशेच्या नोटांचं बंडल ठेवतात आणि पहिल्या तासात सुट्ट्यांवरून अडतात. दहा हजारांची पुडी अशी बांधा: पाचशेच्या ८, दोनशेच्या १०, शंभरच्या २५, पन्नासच्या २०, विसाच्या २० आणि दहाच्या १०. अशा किती पुड्या ते तुमच्या तीन दिवसांच्या मजुरी-हमालीवरून ठरवा. कापूस वेचणीला किंवा केळी कापणीला मजूर लावणाऱ्यानं तर हे नक्की करावं. बँक बंद आहे हे कारण त्या दिवशीच्या किराण्याला चालत नाही. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे अॅपमधल्या छोट्या पाकिटात, पाच हजारांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि एका वेळी हजारापर्यंत पिन न टाकता जातात. बँकेची मुख्य यंत्रणा मंद असताना ते बरेचदा चालतं, पण यूपीआयच बंद असेल तर त्यावर विसंबू नका. आणि जळगावच्या सराफ बाजारासारख्या मोठ्या रकमेच्या ठिकाणी एक लक्षात ठेवा: एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे, आणि ‘सर्व्हर बंद होता’ ही सबब तिथे चालत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, खताचा. अनुदानित खत पॉस मशीनवर (विक्रीची नोंद करणाऱ्या ऑनलाइन यंत्रावर), आधार पटवूनच विकायचं, कारण कंपनीला अनुदान मिळतं ते मशीनवर झालेल्या विक्रीवर. मशीन बंद आणि बाहेर जूनच्या पहिल्या पावसानंतरची रांग. इथे दोन चुका होतात. पहिली, माल कागदावर देऊन टाकायचा आणि मशीन सुरू झाल्यावर घरच्या किंवा ओळखीच्या दोन-तीन आधारांवर सगळी पोती मारायची. एका नावावर जास्त पोती गेली की ते नाव मोठ्या खरेदीदारांच्या यादीत वर येतं आणि तपासणी तुमच्या दारात येते. दुसरी, माल गेलेला पण मशीनवर शिल्लक तशीच. गोदामातली पोती आणि मशीनवरचा साठा जुळला नाही की परवान्यावर कारवाई होते, मग ४५ किलोच्या, २६६ रुपये ५० पैशांच्या युरिया पोत्यांमागे सबंध हंगाम घालवायची वेळ येते.

म्हणून असं करा. मशीन अडलं त्या क्षणाची मशीनवरची शिल्लक लिहा, शक्य असल्यास पडद्याचा वेळेसह फोटो काढा. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना आणि खत कंपनीच्या प्रतिनिधीला व्हॉट्सअॅपवर लेखी कळवा. नुसता फोन नंतर कामी येत नाही. बिलबुकात क्रमांक असलेली चिठ्ठी करा: शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, आधारचे शेवटचे चार आकडे, खताचा प्रकार, पोती. पोती राखून ठेवा, हातात देऊ नका. मशीन आलं की त्याच क्रमानं बोलवा, अंगठा घ्या, माल द्या. शहाद्याकडून किंवा सातपुड्याच्या पायथ्याकडून दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला परत पाठवणं जड जातं हे खरं, पण राखीव चिठ्ठीमुळे निदान त्याचा नंबर आणि माल दोन्ही पक्के राहतात. आधी तपासा मात्र, की बंद काय आहे. एकाच शेतकऱ्याचा अंगठा लागत नसेल तर तो सर्व्हरचा दोष नाही. शेतकामानं रेषा झिजतात; बोट ओल्या फडक्यानं पुसून दुसरं बोट लावा. बियाणं आणि कीटकनाशकं पॉसवर अवलंबून नाहीत. त्यांची विक्री थांबवण्याचं कारण नाही, हातबिलावर चालू ठेवा, फक्त लॉट किंवा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बिलावर हवी.

हातबिलाचं बुक आजच छापून ठेवा, दोन प्रती कार्बनसह. जीएसटीत बिलाला स्वतंत्र मालिका चालते, क्रमांक सोळा अक्षरांच्या आत आणि सलग हवा. संगणकाची मालिका वेगळी, हाताची वेगळी. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक, तारीख, एचएसएन (मालाचा कोड) आणि कराची फोड येऊ द्या. एक पान आधीच भरून नमुना म्हणून चिकटवून ठेवा. गर्दीत पोऱ्याला केंद्राचे नऊ टक्के आणि राज्याचे नऊ टक्के कुठे लिहायचे ते सुचत नाही.

मालवाहतुकीत घाबरण्यासारखं कमी आहे. रावेर-सावद्याच्या ताज्या केळीला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद, लागतच नाही. लागतं ते कापसाच्या गाठी, पाकीटबंद डाळ, पाइप अशा मालाला. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. १ जुलै २०२५ पासून ई-वे बिलाचं दुसरं पोर्टल सुरू आहे, पहिलं बसलं तर तिथे जा. केळीत घोळ होतो तो पैशाचा. कापलेला घड थांबत नाही, झाडावरचा दोन-तीन दिवस थांबतो. सकाळीच बँका बसल्याचं कळलं आणि व्यापारी ओळखीचा नसेल तर कापणी पुढे ढकला. कापणी झालीच असेल तर तोलपावतीवर गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, दांड्याची वजावट, भाव आणि व्यापाऱ्याची सही घ्या. वजनकाटा नेटवर चालत नाही, तो चालूच असतो. पिकवण केंद्राचंही तसंच. खोलीचा कंट्रोलर जागेवर काम करतो, बंद पडतं ते मोबाइलवर दिसणारं तापमान. तेव्हा दर दोन तासांनी आत जाऊन मीटर वाचा आणि दारावरच्या कागदावर लिहा: १६ ते १८ अंश, एथिलीन (फळ पिकवणारा वायू) १०० पीपीएमच्या वर नाही, आणि कार्बन डायऑक्साइड साठू नये म्हणून हवा बदलणं. तापमान १३ अंशांखाली गेलं तर साल काळपट पडते आणि तो माल पुन्हा सुधारत नाही.

मेडिकल आणि दवाखान्यात भीती बिलाची कमी आणि नावांच्या अदलाबदलीची जास्त. रक्ततपासणीचं यंत्र एकटंही चालतं; बसते ती त्याला जोडलेली नोंदयंत्रणा. मग हातानं चिकटवलेल्या लेबलावर दोन ओळखी लिहायच्या, पूर्ण नाव आणि वय किंवा मोबाइल. नुसतं ‘पाटील’ लिहिलं तर या जिल्ह्यात त्याला काही अर्थ नाही. शेड्यूल एच-१ ची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची आणि वेगळ्या वहीत नोंदायची औषधं हातबिलावर देता येतात, पण त्यांच्या वहीत रुग्ण, डॉक्टर, औषध, संख्या त्याच दिवशी चढवा. ती वही तीन वर्षं ठेवायची असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी ऑनलाइन असली तरी आणीबाणीच्या रुग्णासाठी फोनवरून पूर्वसूचना द्यायची सोय आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे ती करून घ्या आणि फोनची वेळ, नोंद क्रमांक केसपेपरवर लिहा. बीपी-शुगरवाल्यांनी गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम खिशातल्या चिठ्ठीवर ठेवावेत, मोबाइलमध्ये नको.

प्रवासाचं फार मनावर घेऊ नका. भुसावळसारख्या जंक्शनवर अनारक्षित तिकिटाची यंत्रणा थांबली तर रेल्वेकडे हातानं लिहायची कोरी कागदी तिकिटं असतात. रांगेला मात्र तिप्पट वेळ लागतो, तासभर आधी जा आणि सुटे पैसे न्या. ऑनलाइन काढलेलं आरक्षण असेल तर पीएनआरचा मेसेज आणि मूळ ओळखपत्र पुरतं.

आपल्याकडचं नेहमीचं संकट वेगळंच: पीक विम्याची शेवटची तारीख आणि सेतू केंद्रावर फिरणारं चक्र. त्याला ना व्हायरस लागतो ना सदोष फाइल, सगळे एकाच दिवशी येतात एवढं पुरतं. डिजिटल सातबारा, पासबुकाची झेरॉक्स, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र आठवडाभर आधी काढून ठेवा, भरणा पहाटे किंवा रात्री दहानंतर करा, आणि अडलंच तर तारीख-वेळ दिसेल असा पडद्यावरच्या एरर मेसेजचा फोटो ठेवा. मुदत वाढलीच पाहिजे असं काही नसतं.

दुकानाच्या कॉम्प्युटरची तयारी थोडकी आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरनं आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. विंडोज दुरुस्तीच्या पडद्यावर गेलं की ते ४८ आकडी किल्ली मागतं. जुलै २०२४ मध्ये दुरुस्ती लांबायचं एक मोठं कारण हेच होतं. फाइल पुसायचं काम पाच मिनिटांचं, पण ते प्रत्येक मशीनपाशी जाऊन करायचं होतं आणि किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर, तोही काही ठिकाणी पडलेला. आजच सर्चमध्ये ‘बिटलॉकर’ टाका, रिकव्हरी की प्रिंट करा आणि तो कागद तिजोरीत ठेवा. मशीन सुरूच होत नसेल तर सुरू होताना तीनदा बटण दाबून बंद करा, दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबला की सेफ मोड. आणि नेट आहे पण एकही साइट उघडत नाही, सगळीकडे ‘असुरक्षित’ येतं, तर आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि साइट नाकारल्या जातात. पन्नासेक रुपयांच्या सेलसाठी लोक दिवसभर ‘सर्व्हर डाउन’ म्हणत बसतात.

खंडणीच्या व्हायरसचा संशय असेल, म्हणजे फाइलींची नावं बदललेली, उघडत नाहीत, तर आधी नेटची केबल काढा आणि वायफाय बंद करा. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्या मशीनला लावू नका, तोही जाईल. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर आळीपाळीनं घ्या, एक घरी ठेवा, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते यंत्रणा परत सुरू होते तेव्हा. बंदच्या काळात माणूस सावध असतो, सुरू झालं की घाईनं सुटतो. म्हणून सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास नवी विक्री हातबिलावरच ठेवा, कारण यंत्रणा बरेचदा पुन्हा एकदा बसते. मग हातबिलं क्रमानं चढवा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाकायचं. चढवलेल्या प्रत्येक बिलावर लाल पेनानं खूण आणि संगणकातला नोंद क्रमांक लिहा, तारीख मूळ दिवसाचीच ठेवा. शेवटी हातबिलांची बेरीज आणि संगणकातल्या त्या मालिकेची बेरीज सारखी आली पाहिजे. फरक नऊनं भागला जात असेल तर बहुधा दोन आकडे उलटे पडलेत, ५४० चं ४५० झालंय, तेवढंच शोधा.

‘प्रलंबित’ वहीचा मेळ अॅपशी लावू नका, बँकेच्या स्टेटमेंटशी लावा. पैसे आले त्यापुढे तारीख लिहा. आले नाहीत पण गिऱ्हाइकाच्या खात्यात परत गेले, तर त्याला फोन करून माल किंवा रोख मागा; परत गेलेत हे बऱ्याच जणांच्या लक्षातही आलेलं नसतं. दोनदा आले असतील तर दुसरी रक्कम लगेच परत पाठवू नका. यंत्रणेकडूनच उलटी फिरू शकते, आणि तुम्हीही पाठवली तर तुमचे गेले. पाच दिवस थांबा, सहाव्या दिवशी स्टेटमेंट बघून परत करा, आणि जे अजूनही लटकलंय त्याची १२ आकडी क्रमांकासह बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या.